पाय माशांच्या टाकीत घालण्याआधी



यंदाच्या लग्नसराईत आमच्या आरोग्यगटाला वारूळवाडीच्या वस्तीत एकच प्रश्न तीन-चार घरांतून आला. "सिस्टर, त्या माशांच्या टाकीत पाय घातले की भेगा खरंच जातात का हो?" कोणी मॉलमध्ये पाहिले होते, कोणी यात्रेतल्या स्टॉलवर, कोणी मोबाईलवर. म्हणून या वेळचा पाठ त्यावरच घेत आहोत. मासे, जळवा, मधमाश्या, गोगलगायी अशा जिवंत प्राण्यांकडून करून घ्यायचे उपचार म्हणजे काय, त्यांत खरे किती, धोका कोणाला, आणि भेगांवर साधा इलाज कोणता, हे क्रमाने पाहू.

आधी एक घडलेली गोष्ट

आमच्या ओळखीची एक मावशी. वय पन्नासच्या आसपास. टोमॅटो तोडायला, कांदा काढायला रोजाने जाणारी. वर्षभर ओल्या सरीत उभे राहून टाचा अशा फुटलेल्या की भेगेत नख जाईल. लेकीचे लग्न ठरले. बस्त्याला सगळे शहरात गेले, तेव्हा लेक म्हणाली, "आई, फोटोत तुझे पाय दिसतील. चल, माशांकडून साफ करून घेऊ." वीस मिनिटांचे दोनशे रुपये दिले. मावशी आम्हाला सांगत होती, "गुदगुल्या होत होत्या बाई, लई हसले मी."

पाचव्या दिवशी डावा पाय सुजला. मावशीने हळद लावली, लग्नाच्या गडबडीत तशीच नाचली, पायाला दुखतच नव्हते. दहाव्या दिवशी करंगळीच्या शेजारचे बोट काळे पडले. दवाखान्यात साखर तपासली तर ३४० निघाली. मधुमेह आहे हे तिला त्या दिवशी कळले. बोट काढावे लागले.

हे सगळे टाकीतल्या पाण्यामुळेच झाले असे आम्ही म्हणत नाही. भेगा आधीच होत्या, साखर आधीच वाढलेली होती, रान ओले होते, आणि घरी ब्लेडने टाच खरवडायची सवयही होती. पण उघड्या भेगा, बधिर पाय, वाढलेली साखर आणि अनेकांचे पाय बुडालेले पाणी या चार गोष्टी एकत्र आल्या की काय होऊ शकते, ते आम्ही डोळ्यांनी पाहिले. टाकीपाशी मावशीला एकाही माणसाने विचारले नाही, "तुम्हाला शुगर आहे का?" आणि विचारले असते तरी तिला उत्तर माहीत नव्हते. आमच्या मते खरी चूक इथे आहे.

हे मासे आले कुठून?

या माशाचे नाव गारा रुफा. तुर्कस्तान आणि त्याच्या आसपासच्या देशांतल्या नद्यांमधला हा लहान मासा. तुर्कस्तानात सिवास प्रांतात कांगल नावाचे गाव आहे. तिथे गरम पाण्याचे झरे आहेत, पाणी साधारण ३५ ते ३७ अंशांचे. एवढ्या उबदार पाण्यात माशांना खायला फारसे मिळत नाही, म्हणून ते माणसाच्या अंगावरची मेलेली, सुटलेली कातडी चोखून खातात. सोरायसिस या त्वचेच्या आजाराचे रुग्ण तिथे जाऊन बसतात. ऑस्ट्रियातल्या डॉक्टरांनी २००६ मध्ये सोरायसिसच्या ६७ रुग्णांचा अनुभव छापला. त्यांत बऱ्याच जणांना आराम पडला होता. मात्र त्यांना माशांबरोबर अतिनील किरणांचे उपचारही दिले होते आणि सगळे डॉक्टरांच्या देखरेखीखाली होते. शिवाय हे मासे सोरायसिस मुळातून बरा करतात असे तिथल्या डॉक्टरांनीही म्हटलेले नाही.

तिथून ही कल्पना आशियात, युरोपात, अमेरिकेत ब्यूटी पार्लरमध्ये गेली, आणि आपल्याकडे मुंबई-पुण्याच्या मॉलमध्ये आली. आजारावरचा उपचार मागे पडला आणि गंमत उरली.

माशाला दात नसतात, तो फक्त चोखतो. म्हणून निरोगी, अखंड कातडीला सहसा इजा होत नाही. पण स्वस्तात मिळतात म्हणून काही ठिकाणी चिन-चिन नावाचे दुसरेच मासे टाकीत सोडतात. त्यांना मोठे झाल्यावर दात येतात, ते चावतात आणि रक्त निघू शकते. दोन्ही मासे लहानपणी सारखेच दिसतात. गिऱ्हाईकाला कळणार कसे?

धोका कुठे आहे?

आम्ही वॉर्डात काम करत होतो तेव्हा पहिला धडा हा होता की एका रुग्णाला लावलेली वस्तू दुसऱ्याला लावण्याआधी निर्जंतुक झाली पाहिजे. कात्री उकळता येते, चिमटा ऑटोक्लेव्हमध्ये घालता येतो. मासा उकळता येतो का? पाण्यात जंतुनाशक टाकले तर मासा मरेल. म्हणजे एकाचे पाय निघाले आणि दुसऱ्याचे आत गेले, तर मधे टाकी खऱ्या अर्थाने स्वच्छ करण्याचा मार्गच नाही. मासे महाग, म्हणून तेच मासे पुन्हापुन्हा वापरले जातात. दुकानदार कितीही प्रामाणिक असला तरी ही अडचण सुटत नाही.

दुसरा धोका माशांच्या स्वतःच्या जंतूंचा. एप्रिल २०११ मध्ये ब्रिटनमध्ये इंडोनेशियाहून आलेल्या ६००० गारा रुफा माशांमध्ये रोगाची साथ आली. तपासणीत स्ट्रेप्टोकोकस जातीचा जंतू सापडला. मग तिथल्या निरीक्षकांनी लंडनच्या हीथ्रो विमानतळावर आलेल्या माशांचे नमुने घेतले. त्यांत एरोमोनास, व्हिब्रिओ व्हल्निफिकस, मायकोबॅक्टेरियम असे माणसाला आजार करू शकणारे जंतू मिळाले, आणि त्यांतले काही अनेक अँटिबायोटिक औषधांना दाद देत नव्हते. म्हणजे जखम चिघळली तर नेहमीच्या गोळ्या लागू पडतीलच असे नाही.

तिसरा धोका रक्तातून पसरणाऱ्या आजारांचा. कोणाच्या पायातून रक्त आले आणि पाणी तेच राहिले, तर कावीळ ब, कावीळ क, एचआयव्ही यांची शक्यता कागदावर तरी उरते. ही शक्यता फार कमी आहे, आणि माशांच्या टाकीतून एचआयव्ही झाल्याची भीती कोणी घालत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. एचआयव्ही असलेल्या माणसाविषयी तर वस्तीत आधीच पुष्कळ गैरसमज आहेत, त्यांत भर नको.

ब्रिटनच्या आरोग्य संरक्षण संस्थेने २०११ मध्ये जो निष्कर्ष काढला तो आम्हाला पटतो. निरोगी माणसाला धोका फार कमी, पण नाहीच असे नाही. आणि मधुमेह असलेल्यांनी, प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी हा प्रकार करूच नये. अमेरिकेत दहाहून अधिक राज्यांनी माशांचे पेडिक्युअर बंदच केले आहे. तिथल्याच एका तरुणीच्या पायाची नखे अशा उपचारानंतर काही महिन्यांनी मुळापासून सुटू लागली, याची नोंद २०१८ मध्ये त्वचारोगाच्या वैद्यकीय मासिकात आली.

जळवांचे काय?

जळू लावणे हे फॅड म्हणून आलेले नाही. सुश्रुतसंहितेत जळवांच्या बारा जाती सांगितल्या आहेत, त्यांतल्या सहा विषारी आणि सहा बिनविषारी. युरोपातही एकोणिसाव्या शतकात डॉक्टरांनी कोट्यवधी जळवा वापरल्या. ताप आला तर जळू, डोके दुखले तर जळू. त्या काळी दूषित रक्त काढले की आजार जातो असे सगळीकडे मानत. पुढे रोगजंतूंचा शोध लागला आणि ही समजूत मागे पडली.

पण जळू पूर्णपणे बाद झाली नाही. तिच्या लाळेत हिरुडिन नावाचा पदार्थ असतो, तो रक्त गोठू देत नाही. तुटलेले बोट किंवा कान शस्त्रक्रियेने परत जोडला, पण रक्त बाहेर नेणाऱ्या बारीक शिरा नीट चालल्या नाहीत, तर तिथे रक्त साचून तो भाग मरतो. अशा वेळी सर्जन जळू लावतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये या कामासाठी जळवांना परवानगी दिली. आपल्याकडे आयुर्वेदाच्या रुग्णालयांतही जलौकावचारण करतात.

मग वस्तीत बाटलीत जळवा घेऊन कोणी आला, किंवा पार्लरमध्ये चेहऱ्यावर जळू लावतो म्हणाला, तर बिघडले कुठे? बिघडते ते असे:

एक, जळवेच्या पोटात एरोमोनास जंतू कायम राहतात. म्हणून रुग्णालयात जळू लावताना रुग्णाला अँटिबायोटिक देतात. बाटलीवाला देत नाही.

दोन, जळू एका वेळी साधारण ५ ते १५ मिलिलिटर रक्त पिते. पण ती सुटल्यावरही जखम कित्येक तास झिरपत राहते. पाच-सहा जळवा लावल्या तर किती रक्त गेले याचा हिशेब लागत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायांना रक्तक्षय असल्याचे दिसले. ज्या बाईचे हिमोग्लोबिन आठ आहे, तिचे रक्त काढून घेणे हा कसला उपचार?

तीन, एकाला लावलेली जळू दुसऱ्याला कधीच लावायची नसते. हा नियम आयुर्वेदाचे डॉक्टरही पाळतात.

गरोदर बाया, रक्तक्षय असलेले, रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणारे, रक्त न गोठण्याचा आजार असलेले आणि पायाला रक्तपुरवठा कमी असलेले मधुमेही यांनी जळवांच्या वाटेला जाऊ नये. कोणाला जायचेच असेल तर महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे नोंदणी असलेल्या आयुर्वेद डॉक्टरकडे, रुग्णालयात, आधी हिमोग्लोबिन आणि साखर तपासूनच जावे.

मधमाश्या, गोगलगायी, साप

मधमाशीचा डंख मारून घेऊन सांधेदुखी घालवण्याचा प्रकार जगात अनेक ठिकाणी चालतो. स्पेनमध्ये ५५ वर्षांची एक बाई दोन वर्षे असे डंख घेत होती, काही त्रास नव्हता. एके दिवशी डंखानंतर तिला तीव्र ॲलर्जी झाली आणि पुढे ती दगावली. ही नोंद २०१८ मध्ये छापून आली. आधी सोसले म्हणजे पुढेही सोसेल, असे मधमाशीच्या बाबतीत धरून चालत नाही. डंखानंतर अंगभर गांधी, ओठ-जीभ सुजणे, दम लागणे, चक्कर यांतले काही झाले तर १०८ ला फोन करा, वाट पाहू नका.

टोकियोत २०१३ मध्ये चेहऱ्यावर गोगलगायी सोडण्याचे फेशियल सुरू झाले. इस्रायल आणि इंडोनेशियात पाठीवर साप सोडून मसाज करतात. आपल्याकडे हे कोणी सुरू केले तर लक्षात ठेवा, नाग, धामण, अजगर पकडून त्यांचा धंदा करणे हा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली गुन्हा आहे.

आणखी एक गोष्ट बोलली पाहिजे. मासा माणसाची कातडी आवडीने खातो असे नाही. दुसरे काही मिळत नाही म्हणून तो खातो. टाकीतल्या माशांना उपाशी ठेवले तरच ते पायाला लागतात. रोज पंचशील घेताना पहिले शील आपण प्राण्यांबद्दलच घेतो. दोनशे रुपयांच्या गमतीसाठी एक जीव उपाशी ठेवावा का, हे प्रत्येकाने आपापल्या मनाला विचारावे.

मग भेगांचे करायचे काय?

विनयपिटकात महावग्गाच्या औषधांच्या प्रकरणात पिलिंदवच्छ नावाच्या भिक्खूची गोष्ट आहे. त्यांचे पाय फुटले होते. भगवंतांनी पायाला लावायचे मलम वापरायची मुभा दिली. अडीच हजार वर्षांनंतर नर्सिंगच्या पुस्तकातही हेच आहे. फुटलेल्या पायाला ओलावा द्या आणि झाकून ठेवा.

रोज रात्री असे करा:

१. कोमट पाण्यात दहा मिनिटे पाय ठेवा. पाणी किती गरम आहे ते कोपराने पाहा, पायाने नाही. बधिर पायाला चटका कळत नाही. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी पाय भिजत ठेवू नयेत, नुसते धुवावेत.

२. टाच मऊ झाली की वजरीने हलक्या हाताने घासा. ब्लेड, वस्तरा, सुरी नको. मधुमेह असेल तर वजरीही नको.

३. पाय पुसा, बोटांच्या बेचक्यांत खास करून. बेचक्यात ओल राहिली की चिखल्या होतात.

४. टाचेला पेट्रोलियम जेली, खोबरेल किंवा कोकमाचे तेल चोळा. बेचक्यांत तेल लावू नका. वर जुने सुती मोजे घाला. दोन-तीन आठवड्यांत फरक दिसतो.

रानात जाताना गमबूट किंवा बंद चप्पल वापरा. पायाला बधिरपणा असेल तर एमसीआरची मऊ चप्पल मिळते, डॉक्टरांना विचारा.

ज्यांना साखर आहे त्यांच्यासाठी

बाबासाहेबांना मधुमेह होता, आणि पायांच्या दुखण्याने त्यांना शेवटची वर्षे फार छळले, हे आपल्याला माहीत आहे. त्यांचे नाव घेणाऱ्या घरात तिशीच्या पुढचा एकही माणूस साखर न तपासता राहू नये. ही तपासणी उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होते. आशाताईंना विचारा. उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून अधिक आली तर पुन्हा तपासून डॉक्टरांना दाखवा.

पाय बधिर आहे का, हे घरी असे पाहा. डोळे मिटून बसा. घरातल्या कोणीतरी पायाच्या अंगठ्याला, करंगळीला, मधल्या बोटाला बोटाच्या टोकाने अगदी हलका स्पर्श करावा. कुठे लागले ते सांगा. दोन-तीन ठिकाणी कळले नाही, तर डॉक्टरांकडे जा.

तळवा दिसत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून रोज पाहा, नाहीतर नातवंडाला पाहायला सांगा. लाली, फोड, काळेपणा, पू, वास, पायाला उष्णता यांतले काहीही दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. दुखत नाही म्हणून थांबू नका. आमची मावशी दुखत नव्हते म्हणूनच थांबली होती.

टाकीत पाय घातलेच असतील तर

घाबरू नका. साबणाने पाय धुवा, पुसा. रक्त आले असेल तर वाहत्या पाण्याखाली धुऊन स्वच्छ पट्टी बांधा, आणि धनुर्वाताचे इंजेक्शन कधी घेतले होते ते आरोग्य केंद्रात सांगून विचारा. पुढचे काही दिवस पाय रोज पाहा. लाली पसरली, ताप आला, पू झाला तर डॉक्टरांकडे जाऊन माशांच्या टाकीबद्दल आवर्जून सांगा. पाण्यातल्या जंतूंना वेगळे औषध लागू शकते, आणि तुम्ही सांगितल्याशिवाय डॉक्टरांना ते कळणार नाही.

आणि आपल्याच काही मुली पार्लरमध्ये, मॉलमध्ये अशा टाक्या धुण्याचे काम करतात. त्यांनी हातमोजे मालकाकडून मागून घ्यावेत. हाताला चीर असेल तर टाकीत हात घालू नये. गिऱ्हाईकाला "शुगर आहे का, जखम आहे का?" हा प्रश्न विचारण्याचा अधिकार त्यांचाही आहे. एका प्रश्नाने कोणाचे बोट वाचेल.

चार प्रश्न स्वतःला विचारा

मधुमेह मुळातून घालवतो अशी जाहिरात करणे १९५४ च्या औषधे आणि जादुई उपचार कायद्याने गुन्हा आहे. तरीही अशा जाहिराती रोज येतात. म्हणून कालामांना भगवंतांनी शिकवले तसे करा. जुने आहे म्हणून, कोणी मोठ्याने सांगितले म्हणून, सगळे करतात म्हणून स्वीकारू नका. तपासा.

हा उपचार नेमका कशावर आहे? तो कोण करतो, त्याची नोंदणी कुठे आहे? एकाला वापरलेली वस्तू किंवा प्राणी दुसऱ्याला वापरतात का? बिघडले तर जबाबदार कोण? चारांपैकी एकाचेही उत्तर मिळाले नाही तर पैसे परत खिशात घाला.

मावशीच्या लेकीला आता आम्ही भेटतो तेव्हा ती आईचे पाय मांडीवर घेऊन तेल लावत असते. ती म्हणाली, "सिस्टर, फोटोत पाय दिसलेच नाहीत ओ. साडीत झाकले गेले." त्या भेगा आईच्या कष्टाच्या होत्या, त्यांची लाज वाटायचे कारणच नव्हते. गरज होती ती साखर तपासण्याची आणि रात्रीच्या चमचाभर तेलाची.

येत्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर हा पाठ मोठ्याने वाचा. मग प्रत्येकाने शेजारच्याचे पाय पाहा, बोटाच्या स्पर्शाची ती तपासणी करा. ज्यांना स्पर्श कळला नाही त्यांची यादी करून सोमवारी आरोग्य केंद्रात बरोबर घेऊन जा. एकट्याला पाठवू नका.

जय भीम, नमो बुद्धाय.